पन्नास मैलांचा कायदा

“पन्नास मैल,” क्रेग डनलप म्हणाला. “पन्नास केलंस तर उद्या दुपारी तुझं विधेयक मतदानाला घेतो. आणि पासही करून देतो.”

रत्नानं हातातला घास परत डब्यात ठेवला.

डी मॉइनच्या विधानभवनात तळमजल्याला कॅन्टीन आहे. त्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही तिघं बसलो होतो. मी तेव्हा ट्रॅक्टरच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि अधिवेशन चालू असलं की दर बुधवारी ब्रँटलीहून दोन तास गाडी चालवत भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी घेऊन रत्नाकडे जायचो. क्रेग हा सभागृहातला आमच्याच पक्षाचा नेता. कुठलं विधेयक कधी घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे तो ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. आमची चटणी त्याला आवडायची, ती तो पावावर घालून खायचा. त्या दिवशीही खात होता.

“माझ्या विधेयकात तीस आहे,” रत्ना म्हणाली.

“तिसाला फार हॉस्पिटलं बसतात. तेवढा पैसा द्यायला आमच्याकडे नाही. पन्नासला नऊ बसतात. नवांचं मी बघतो.”

“आणि ब्रँटली?” मी विचारलं. मधे बोलायचं मला काही कारण नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“ब्रँटली एक्केचाळीसवर आहे,” रत्ना म्हणाली. हे तिनं क्रेगला नाही, मला सांगितलं. मराठीत.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. रत्नमाला अमोलिक, माझी बायको, मूळची मिरजेची. तिथल्याच मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली. एकोणऐंशी साली आम्ही आयोवातल्या ब्रँटली गावात आलो, कारण तिथल्या छोट्या हॉस्पिटलाला नर्स मिळत नव्हती. मक्याच्या शेतांत वसलेलं गाव, भारतीय म्हणावं तर आम्ही दोघंच. ती बाळंतपणाच्या वॉर्डात लागली आणि वीसएक वर्षांत गावातली निम्मी पोरं तिच्या हातून जगात आली. पुढं आमदारकीला उभी राहिली, तेव्हा दारोदार फिरताना तिला स्वतःची ओळख करून द्यावी लागायचीच नाही. दार उघडणारी बाई आधी हसायची, मग आत वळून म्हणायची, “अरे, ये इकडे, तुला पहिल्यांदा कुणी उचललं ते बघ.” दोन-दोन वर्षांच्या चार मुदती ती अशी निवडून आली. आमच्या राज्यात आमदारकी जानेवारी ते एप्रिल असते. उरलेलं वर्ष ती वॉर्डातच असायची.

आणि आठही वर्षं तिनं एकच विधेयक धरून ठेवलं होतं. छोट्या गावात बाळंतपणं कमी. पण बाई येवो न येवो, डॉक्टर आणि नर्स चोवीस तास तयार ठेवावेच लागतात. हॉस्पिटलांना ते परवडत नाही, म्हणून एकेक करत ती हा वॉर्ड बंद करतात. रत्नाचं म्हणणं एवढंच, की ज्या हॉस्पिटलापासून दुसरा वॉर्ड लांब आहे, तिथला तोटा राज्यानं सोसावा. लांब म्हणजे किती, यावर सगळं अडलेलं. आमच्या ब्रँटलीचा वॉर्डही मोडकळीला आला होता. जूनअखेर बंद करतो असं हॉस्पिटलानं सांगून टाकलं होतं.

“चाळीस कर, क्रेग,” ती म्हणाली.

“चाळीस केलं की लोक म्हणतील, बाईनं स्वतःच्या गावापुरता कायदा कापून घेतला. म्हणायला टपलेलेच आहेत. पन्नास म्हटलंस, तुझं गाव बाहेर ठेवलंस, की कुणाला तोंड उघडता येणार नाही.” त्यानं पावाचा शेवटचा तुकडा खाल्ला, हात पुसले. “मी तुला फसवत नाहीये, रत्ना. यंदा एवढंच होईल. पुढच्या वर्षी मी या खुर्चीत असेन की नाही, मलाच माहीत नाही. तीन वाजेपर्यंत सांग.”

तो गेल्यावर आम्ही बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. ऊन होतं, पण वारा बोचरा होता. सोन्याच्या घुमटाखाली शाळेची मुलं ओळीनं उभं राहून फोटो काढून घेत होती.

“नाही म्हणून टाक,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी परत आण.”

“अहो, आठ वर्षं पुढचं वर्षच चाललंय.”

“तुला ब्रँटलीनं निवडून दिलंय. त्या पश्चिमेकडच्या नऊ गावांनी नाही.”

“होय की,” ती म्हणाली. “ब्रँटलीच्या बाईला मेसनव्हिलचा वॉर्ड आहे. पाऊण तास लागेल, त्रास होईल, पण आहे. ऑसबर्नच्या बाईला काय आहे?”

त्या नवांतल्या ऑसबर्नचं मला ठाऊक होतं. तिथला वॉर्ड आदल्या वर्षी बंद झाला होता. फेब्रुवारीत एक तरुण मुलगी सासऱ्याच्या पिकअपमधून शहराच्या हॉस्पिटलाकडे निघाली, वाटेत बर्फात गाडी अडकली. मूल वाचलं, ती गेली. तिची सासू समितीपुढं साक्ष द्यायला आली होती. समितीनं सगळ्यांना देतात तशी तिलाही तीन मिनिटं दिली. नातू छातीशी रडत होता, बाईला बोलता येईना. शेवटी रत्ना आपल्या जागेवरून उठली, मूल घेतलं आणि भिंतीशी उभी राहून त्याला थोपटत राहिली. त्या बाईनं मग आपली तीन मिनिटं पुरी केली.

“तुझी नोकरी जाईल,” मी म्हणालो.

“जाईल.”

“डोनाचीही जाईल.”

डोना वॉर्डातली तिच्या पाळीची जोडीदारीण. आमची मुलगी झाली तेव्हा सुईणपण डोनानं केलं होतं, आणि डोनाच्या दोन्ही मुलांच्या वेळी रत्ना होती.

“डोनाला मी सांगते,” ती म्हणाली. “आज, आत्ताच. पेपरात वाचायला लागू नये.”

“आणि निवडणूक?”

“पडले तर पडले. तुम्ही कुठं आमदारीण बघून माझ्याशी लग्न केलंत?”

ती उठली, कोटाची मागची बाजू झाडली. मी प्रार्थना करूया का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “माझी झाली करून. तुम्ही करा.” आणि आत गेली. डोनाला केलेला फोन फार वेळ चालला नाही. ऐकून घेतल्यावर डोनानं काही न बोलता फोन ठेवला, असं ती मला नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वर गॅलरीत होतो. रत्नानं विधेयक मांडलं, तिसाचे पन्नास करणारी दुरुस्तीही स्वतःच मांडली. विरोधी बाकावरचे एक म्हातारे आमदार उभे राहिले. शेजारच्याच मतदारसंघाचे होते, त्यांना ब्रँटली चांगलं माहीत होतं.

“बाई एका प्रश्नाचं उत्तर देतील का?”

“देईन.”

“या दुरुस्तीनंतर ब्रँटलीचं हॉस्पिटल या कायद्यात बसतं का?”

“नाही,” रत्ना म्हणाली. “बसत नाही. जूनअखेर आमचा वॉर्ड बंद होईल. मी तिथंच काम करते.”

“माझा आणखी प्रश्न नाही,” म्हातारे म्हणाले आणि खाली बसले. मतदान झालं तेव्हा भिंतीवरच्या फलकावर त्यांच्या नावापुढंही हिरवा दिवा लागलेला मी पाहिला.

येताना गाडीत मी म्हणालो, “चल, कुठंतरी जेवूया, पास झालं ना.” ती म्हणाली, “शनिवारी जेवू. आधी गावात सांगून होऊ दे.”

शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये तिनं सभा बोलावली. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. हॉल भरला. डोना मागच्या रांगेत, हाताची घडी घालून बसलेली. रत्नानं काय झालं ते दहा मिनिटांत सांगितलं. कुणाला दोष दिला नाही, क्रेगचं नावसुद्धा घेतलं नाही. तिचं बोलून झाल्यावर काइल वँडरझी उठला. तिशीतला डुकरं पाळणारा शेतकरी, उंच, मान किंचित खाली घालून बोलायची सवय. त्याची बायको जेना शेजारी बसली होती, पोट दिसत होतं.

“माझ्या बहिणीच्या वेळी तुम्ही होतात,” तो म्हणाला. “म्हणून मी तुम्हाला मत दिलं. चारही वेळा दिलं. आता माझ्या बायकोनं कुठं जायचं?”

“मेसनव्हिलला. कळा सुरू झाल्या की लगेच निघायचं, वाट बघत बसायचं नाही. जेनाचं पहिलं आहे, वेळ मिळेल.”

“तुम्ही नक्की कुणाच्या आमदार?”

मला वाटलं आता ती ऑसबर्नच्या मुलीचं सांगेल. सांगितलं असतं तर निम्मा हॉल रडला असता.

“तुमची,” ती म्हणाली. “तुम्ही पाठवलंत म्हणून माझ्या हातात एक मत होतं. ते मी असं वापरलं. जिथं पाऊण तासावरही काही नाही, तिथं आधी द्यावं असं मला वाटलं. तुम्हाला पटलं नसेल तर नोव्हेंबरात सांगा. तो तुमचा हक्क आहे. पण मी माफी मागणार नाही, काइल. माफी मागितली तर चूक केली असं होईल.”

टाळ्या पडल्या नाहीत. कुणी ओरडलंही नाही. लोक एकेक करत उठले. काही जण हात मिळवून गेले, बरेचसे नुसतेच गेले.

जून संपला तसा वॉर्ड बंद झाला. चर्चमध्ये आमच्या बाकावर पूर्वी कोण ना कोण येऊन बसायचं, आता आम्ही दोघंच असायचो. रत्नानं त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. तिनं रुग्णवाहिकेवरच्या स्वयंसेवकांना गोळा केलं. त्यांत गॅरेजवाला होता, बँकेतला माणूस होता. वाटेतच मूल आलं तर काय करायचं ते ती त्यांना मंगळवारी संध्याकाळी शिकवू लागली. तिसऱ्या मंगळवारी डोना आली. रत्नाशी बोलली नाही, पण सरावासाठी ठेवलेली दुसरी बाहुली उचलून दुसऱ्या टेबलाशी शिकवायला उभी राहिली.

काइल रत्नाच्या विरोधात उभा राहिला. गावभर त्याच्या पाट्या लागल्या: ‘आधी ब्रँटली’. ऑगस्टात जेना बाळंत झाली. सांगितल्याप्रमाणे ती वेळेवर निघालीही होती, पण पहिलं असूनही मुलानं वेळ दिला नाही. मुलगी मेसनव्हिलच्या हॉस्पिटलाच्या पार्किंगमध्ये, पिकअपच्या पुढच्या सीटवर जन्मली. दोघी सुखरूप होत्या. रत्नानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी हळिवाचे लाडू वळायला घेतले.

“तो तुझ्याविरुद्ध उभा आहे,” मी म्हणालो.

“जेना उभी नाहीये,” ती म्हणाली.

त्यांच्या अंगणात ‘आधी ब्रँटली’ची हातभर पाटी होती. रत्नानं नेमकी तिच्यापुढं गाडी लावली. मी गाडीतच बसून राहिलो. तासाभरानं ती बाहेर आली ती पदराला दुधाचा वास घेऊन आल्यासारखी, खुशीत. “छान पोरगी आहे,” म्हणाली, “वजनही चांगलं आहे. लाडू कसे खायचे ते जेनाला सांगितलंय. काइलनं दोन खाल्ले, त्याला नको म्हटलं तरी.” मी तिला विचारलं, हे पार्किंगचं तो प्रचारात वापरेल, तू आधीच काही बोलणार का. ती म्हणाली, “मूल आहे ते. प्रचाराचं पत्रक नाही.” काइलनंही ते वापरलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

नोव्हेंबरात ती पडली. थोडक्यात नाही, चांगली पडली. निकाल कळल्यावर तिनं काइलला फोन करून अभिनंदन केलं, मग चहा टाकला. चहा पिता पिता एकदाच तिचे डोळे भरून आले. “वाईट वाटतंय हो,” म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. त्या नऊ गावांतल्या वॉर्डांना तोवर राज्याची मदत सुरू झाली होती. ऑसबर्नचा वॉर्ड सप्टेंबरातच पुन्हा उघडला होता.

डिसेंबरात एका दुपारी दार वाजलं. काइल. त्यानं बाहेरच बूट काढले, मोज्यांवर आत आला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

“मला ते पन्नासचं चाळीस करायचंय,” अखेर म्हणाला.

“चांगलं आहे. करा.”

“कसं करतात ते मला माहीत नाही. मी गेल्या आठवड्यात तिथं जाऊन आलो. जो तो तुमचंच नाव सांगतो.” मग त्यानं एकदम सांगून टाकलं. “माझी क्लार्क म्हणून याल का?”

आमच्या विधानसभेत साध्या आमदाराला स्वतंत्र कार्यालय नसतं. सभागृहातलं बाक हेच त्याचं कार्यालय, आणि त्याच बाकाला लागून त्याच्या क्लार्कची खुर्ची. भेटायला आलेल्यांना थांबवायचं, निरोप घ्यायचे, कागद पुढं करायचे. क्लार्कला सभागृहात बोलायला परवानगी नसते.

“मला क्लार्कचं काम येत नाही,” रत्ना म्हणाली.

“मला आमदाराचं येत नाही,” काइल म्हणाला.

तो गेल्यावर मी म्हणालो, “ज्यानं तुला पाडलं त्याच्या हाताखाली जाणार तू?”

“हाताखाली कुठं? खुर्ची शेजारी असते.” आणि ती पुढं म्हणाली, “तो स्वतः आला, बघितलंत ना? बूट काढून आला.”

जानेवारीत ती गेली. ज्या सभागृहात आठ वर्षं माननीय सदस्या म्हणून बसली, तिथं क्लार्कचा बिल्ला लावून बसली. पहिल्या वर्षी दुरुस्ती समितीतच अडकली. काइल चिडला, सोडून द्यायला निघाला. रत्नानं त्याला सोडू दिलं नाही. त्याला घेऊन ती ऑसबर्नला गेली, उरलेल्या आठही गावांत गेली, तिथल्या डॉक्टरांना, त्या सासूबाईंना भेटवून आली. दुसऱ्या वर्षी ते सगळे आपापल्या आमदारांकडे जाऊन म्हणू लागले, आम्हाला मिळालंय, आता ब्रँटलीलाही द्या.

मार्च संपता संपता दुरुस्ती सभागृहात आली. मी गॅलरीत माझ्या नेहमीच्या जागी होतो. क्रेग डनलप आता अध्यक्षांच्या उंच खुर्चीत होता. काइलनं भाषण बरं केलं, पण प्रश्न सुरू झाले तसा गडबडला. दर प्रश्नाला खाली वाकायचा, रत्ना त्याच्या कानात सांगायची, तो ताठ होऊन तेवढंच बोलायचा, की लगेच पुढचा प्रश्न. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी हसलं. काइलचे कान लाल झालेले मला वरून दिसत होते.

क्रेगनं हातोडी हलकेच आपटली. “सभागृहाचं कामकाज थोडा वेळ थांबवतो,” तो म्हणाला. “ज्या सदस्यांना काही विचारायचं असेल त्यांनी तेवढ्यात विचारून घ्यावं. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारावं.”

असा थांबा नियमात बसतो. त्यात झालेलं बोलणं कामकाजात नोंदलं जात नाही, आणि आमदार जागा सोडून हिंडू शकतात. मग ते शेजारच्या मतदारसंघाचे म्हातारे आमदार काठी टेकत उठले आणि काइलच्या बाकाकडे निघाले. त्यांच्यामागं आणखी दोघं. मग दोन्ही बाजूंचे. बघता बघता रत्नाच्या खुर्चीभोवती कोंडाळं झालं. मला वरून फक्त काळे-निळे कोट आणि मधे तिचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं, कधी इकडे वळताना, कधी तिकडे. कुणी बाकाच्या कडेवर टेकलं होतं. एक तरुण आमदार तर तिच्या खुर्चीशी उकिडवा बसून ऐकत होता. काइल बाजूला सरून उभा होता, त्यानं आपली जागा एका वयस्क बाईंना दिली होती.

बऱ्याच वेळानं सगळे जागेवर गेले. क्रेगनं मतदान पुकारलं. फलकावर दिवे लागत गेले, हिरव्यामागून हिरवे, तांबडे अधूनमधून. पुढं त्याच वर्षी ब्रँटलीचा वॉर्ड उघडला, डोना आणि रत्ना दोघी परत पाळीला लागल्या, आणि आजही तिथं मुलं जन्मतात. पण मला सगळ्यात आधी आठवतो तो त्यानंतरचा क्षण.

निकाल जाहीर झाला आणि काइल खाली बसलाच नाही. तो रत्नाकडे वळून उभा राहिला. त्याच्या मागचे उभे राहिले, मग पलीकडच्या बाजूचे. चार वेळा निवडून आली तेव्हा तिच्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. ती मात्र बसूनच होती. क्लार्कनं बसायचं असतं, आणि नियम तिला पाठ होते. तिनं काइलचा कोट धरून खाली ओढायचा प्रयत्न केला. तो हलला नाही.

“क्लार्कबाई उभ्या राहिल्या,” क्रेग वरून म्हणाला, “तर अध्यक्षांची हरकत नाही.”

तेव्हा ती उठली. एका हातानं बाकाची कड धरून, सरळ, कुणाकडे विशेष न बघता उभी राहिली. शेजारी शाळेची मुलं घेऊन आलेल्या शिक्षिकेनं मला विचारलं, “त्या कोण आहेत?”

मी तोवर उभा राहिलोच होतो. “त्या ब्रँटलीच्या,” मी म्हणालो. “माझी बायको.”